शेळीच्या जबड्याची मापं जुळत नाहीत तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे पशुवैद्यकाच्या पदव्युत्तर अभ्यासाला आहेत, घर सोलापूरचं. उस्मानाबादी शेळीच्या खालच्या जबड्याची मापं हा त्यांचा थिसिसचा विषय, आणि ती मापं पुढे नस बधिर करण्यासाठी उपयोगी पडावीत अशी इच्छा. खाटकाकडून आणलेल्या जबड्यावर त्यांनी मेंटल फोरॅमेनपासून (खालच्या ओठाची नस जबड्यातून जिथून बाहेर येते ते छिद्र) कोपऱ्याच्या दातापर्यंतचं (पुढच्या दातांतला सगळ्यात कडेचा) अंतर मोजलं. पहिल्या दिवशी १८.२ मिलिमीटर आलं. आठ दिवसांनी तोच जबडा १९.६ दाखवायला लागला. मित्राने मोजलं तर २०.४. आता ते विचारतात: ०.०१ मिलिमीटरपर्यंत दाखवणारा डिजिटल वर्निअर (लहान अंतरं मोजायचं सरकत्या जबड्याचं उपकरण) घ्यावा का, नमुने किती लागतील, आणि मोबाईलवर फोटो काढून मोजलं तर चालेल का?

मी शरीररचनाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलं, आणि पुढची बरीच वर्षं बार्शी, मोहोळ, सांगोला या पट्ट्यात जनावरांवर उपचार करत काढली. हाडं मोजली आहेत आणि त्या मापांवर भरवसा ठेवून जिवंत जनावराला सुईही टोचली आहे. त्यामुळे मापाची चूक कागदावर कशी दिसते आणि गोठ्यात कशी दिसते, दोन्ही मला माहीत आहे. आपल्याकडची बरीच मुलं उदगीर, शिरवळ, परभणीला शिकायला जातात आणि सुट्टीत घरी येऊन नमुने गोळा करतात. त्यातली काही माझ्याकडे जबडे पिशवीत घालून आलेली आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकाची अडचण तुमचीच होती.

तुम्ही वर्निअरबद्दल विचारलंत, पण अडचण वर्निअरची नाही. १८.२ पासून २०.४ पर्यंत २.२ मिलिमीटरांचा फरक आहे. ०.०२ मिलिमीटर लीस्ट काउंटचा (म्हणजे कमीत कमी तेवढं मोजू शकणारा) साधा, हाताने सरकवायचा वर्निअरसुद्धा एवढा चुकत नाही. 'कुठून कुठपर्यंत' या प्रश्नाचं उत्तर दर वेळी वेगळं दिलं गेलं, म्हणून हा फरक पडलाय.

जबडा हातात घ्या आणि बघा. मेंटल फोरॅमेन म्हणजे टिंब नव्हे, ते लांबट छिद्र आहे. त्याला पुढची कड आहे, मध्य आहे, मागची कड आहे, आणि मागच्या बाजूला ते हाडात तिरकं उतरत जातं, त्यामुळे ती कड नेमकी कुठे संपते हे डोळ्यांनाही नीट ठरवता येत नाही. कोपऱ्याच्या दाताचंही तसंच. माप दाताच्या टोकापर्यंत, मानेपर्यंत की दात ज्या खोबणीत बसतो तिच्या कडेपर्यंत? छिद्राच्या तीन जागा आणि दाताच्या तीन जागा धरल्या तर नऊ वेगवेगळी अंतरं झाली, आणि तुमच्या वहीत त्या नऊंनाही एकच नाव आहे. तुम्ही आणि मित्राने दोघांनीही बरोबर मोजलं असेल. तुम्ही दोन वेगळी अंतरं मोजलीत, एवढंच.

यात दाताची आणखी एक गोष्ट आहे, जी पुस्तकात वाचलेली असते पण मोजताना आठवत नाही. रवंथ करणाऱ्या जनावरांचे पुढचे दात खोबणीत घट्ट रोवलेले नसतात. वरच्या बाजूला दात नाहीत, नुसती कडक गादी आहे. तिच्यावर दाबताना खालचे दात थोडे हलावेत अशीच ती रचना आहे. जिवंतपणी त्यांना धरून ठेवणारे तंतू जबडा उकळला की जातात. मग दात सैल होतो, पुढे झुकतो, एखादा गळूनच पडतो. पहिल्या दिवशी तुमचा जबडा नुकता उकळलेला, ओलसर होता का? आठ दिवसांनी वाळलेला होता का? तसं असेल तर १.४ मिलिमीटरांचा फरक मला आश्चर्याचा वाटत नाही. हललेल्या दातापासून तुम्ही पुन्हा माप घेतलंत.

म्हणून हाडावर मोजताना दात सोडा आणि कोपऱ्याच्या दाताच्या खोबणीची मागची कड धरा. ती हलत नाही. छिद्राची पुढची कड धरा, कारण ती मागच्या कडेपेक्षा स्पष्ट असते. 'कोपऱ्याच्या दाताच्या खोबणीच्या मागच्या कडेपासून मेंटल फोरॅमेनच्या पुढच्या कडेपर्यंतचं सरळ अंतर' असं एक पूर्ण वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहा. एका जबड्याचा फोटो काढून त्यावर ते दोन बिंदू दाखवा आणि फोटो थिसिसमध्ये छापा. या विषयावरच्या अनेक लेखांत 'लॅटरल अल्व्हिओलर रूट (कोपऱ्याच्या दाताची खोबणी) ते मेंटल फोरॅमेन' असं माप दिलेलं असतं, पण छिद्राची कुठली कड ते पुष्कळदा लिहिलेलं नसतं. मग पुढचा माणूस आपली संख्या त्यांच्या संख्येशेजारी ठेवून 'आमची जात वेगळी आहे' असा निष्कर्ष काढतो, आणि वेगळी असते ती फक्त कड.

नाव आणि माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्राण्यांच्या शरीररचनेची आंतरराष्ट्रीय नामावली १९६८ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झाली, आणि त्यामुळे जगभर एका छिद्राला एकच नाव मिळालं. पण ते छिद्र कुठून मोजायचं हे नामावली सांगत नाही. ते काम वेगळ्या लोकांनी केलं. पुरातत्त्वीय उत्खननात सापडणाऱ्या प्राण्यांच्या हाडांसाठी आंगेला फॉन डेन ड्रीश यांनी १९७६ साली एकेका हाडावर रेघा काढून मापांच्या व्याख्या ठरवून दिल्या. तुमच्या गाइडना त्या दाखवा. जबड्याची लांबी, उंची, दाढांच्या रांगेची लांबी यांच्या व्याख्या तिथे तयार मिळतात, नव्या करायची गरज नाही.

आता तुमच्या बाबतीत परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. तुमचा हेतू जातींची तुलना हा असेल तर खोबणीची कडच बरोबर. पण तुम्हाला नस बधिर करायची आहे. जिवंत शेळीत खोबणीची कड दिसत नाही, ती हिरडीखाली असते. डॉक्टरला दिसतो तो दात, आणि बोटाला लागते ती ओठाच्या कोपऱ्याजवळची जबड्याची धार. त्यामुळे तुम्हाला दोन्ही मापं घ्यावी लागतील. एक हाडाचं, कोरड्या जबड्यावर. दुसरं ताज्या मुंडीवर, दात आणि हिरडी जागेवर असताना. दोघांना वेगळी नावं द्या आणि एकाची सरासरी दुसऱ्याच्या जागी कधीही लिहू नका.

जबडा उकळताना दोन्ही अर्ध्या बाजू सुट्या झाल्या असतील. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत जबड्याचा पुढचा सांधा, सिम्फिसिस, सहसा पूर्ण हाडाचा होत नाही, त्यामुळे उकळल्यावर तो सुटतो. म्हणून दोन्ही बाजूंमधली रुंदी मोजायची असेल तर ती उकळण्याआधी मोजा. नंतर तारेने बांधून मोजलेली रुंदी ही तार किती आवळली त्याची रुंदी असते.

वर्निअरकडे वळू. ०.०१ दाखवणारा डिजिटल वर्निअर घ्यायला हरकत नाही, वाचायला सोपा पडतो आणि डोळ्यांची चूक कमी होते. पण त्या शेवटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. लांबीची मानकं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. सोलापुरात मे महिन्यात खोलीचं तापमान ४० अंशांपर्यंत जातं. पोलाद २० अंशांनी तापलं की १५० मिलिमीटरांमागे सुमारे ०.०३५ मिलिमीटर वाढतं. म्हणजे जबड्याच्या पूर्ण लांबीसारख्या मोठ्या मापात तुमचा तो शंभरावा भाग उन्हाळ्यातच वाहून गेला. शिवाय हाडाची कड गोलसर असते, तिच्यावर वर्निअरचं टोक दर वेळी दहाव्या भागाच्या फरकानेच टेकतं. रीडिंग ०.१ पर्यंत लिहिलंत तर ते प्रामाणिक आहे.

रोज सुरुवात करण्याआधी मात्र यंत्र तपासा. मी एक ६०८ नंबरचं नवं बेअरिंग डबीत ठेवते. ते कुठल्याही हार्डवेअरच्या किंवा बेअरिंगच्या दुकानात मिळतं. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आतला ८, जाडी ७. रोज मोजायला बसताना आधी वर्निअर मिटवून शून्य बघायचं, मग बेअरिंगचे तिन्ही आकडे घ्यायचे आणि तारखेसह लिहायचे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत एखाद्या वर्कशॉपमध्ये ओळख असेल तर वर्षातून एकदा त्यांच्या स्लिप गेजवर (नेमक्या जाडीचे पोलादी ठोकळे) पण तपासून घ्या. आणि नेहमीचा वर्निअर १५० मिलिमीटरचा असतो. मोठ्या बोकडाचा पूर्ण जबडा त्यात बसेलच असं नाही. ३०० चा घ्या, किंवा सुताराकडून फळी करून घ्या. एका टोकाला काटकोनात पक्की उभी पट्टी, दुसरी सरकणारी, आणि मधे चिकटवलेली स्टीलची फूटपट्टी. फळीवर ग्राफ पेपर चिकटवू नका, तो डिंकाने आणि दमटपणाने ताणतो.

यानंतर जे सांगते आहे ते करायला दोन दिवस लागतात आणि बहुतेक मुलं तेच टाळतात. शेळ्या मोजण्याआधी स्वतःचं मोजणं मोजा.

दहा जबडे घ्या, त्यांना नंबर द्या. तुमचं माप दहाही जबड्यांवर घ्या. कागद बंद करून ठेवा. आठवड्याने तेच दहा जबडे उलटसुलट क्रमाने पुन्हा मोजा, आणि आकडा लिहायला दुसऱ्या कुणाला बसवा, म्हणजे आधीचा आकडा तुमच्या नजरेसमोर राहणार नाही. प्रत्येक जबड्याच्या दोन मापांतला फरक काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्यांची बेरीज करा, बेरजेला जबड्यांच्या दुप्पट संख्येने भागा आणि वर्गमूळ घ्या. या सूत्राला डालबर्गचं सूत्र म्हणतात. समजा फरक आले ०.४, ०.२, ०.६, ०, ०.३, ०.५, ०.१, ०.४, ०.२, ०.३. वर्गांची बेरीज १.२०. वीसने भागलं की ०.०६. वर्गमूळ सुमारे ०.२४ मिलिमीटर. ही तुमच्या हाताची चूक.

ही चूक १८ मिलिमीटरांच्या अंतरावर सव्वा ते दीड टक्का होते. १६० मिलिमीटरांच्या जबड्याच्या लांबीवर तीच चूक टक्क्याच्या सातव्या भागाइतकी, म्हणजे नगण्य. म्हणून लहान मापांना जास्त काळजी लागते, आणि थिसिसमध्ये प्रत्येक मापाची चूक वेगळी द्यावी लागते. आणखी एक उपयोग: या चुकीला २.७७ ने गुणलं की साधारण ०.७ मिलिमीटर येतात. एकाच जबड्याच्या दोन मापांत याहून जास्त फरक पडला तर तो हाताच्या थरथरीने पडलेला नाही असं धरायचं. तुमच्या हाताची चूक या उदाहरणाएवढीच असेल तर तुमचा १.४ चा फरक या रेषेच्या पार पुढे आहे, आणि म्हणूनच मी सुरुवातीला व्याख्येवर बोट ठेवलं.

मग मित्राला बसवा. त्याला तुमचं ते एक वाक्य आणि फोटो द्या, तोंडी काही समजावू नका, आणि तेच दहा जबडे मोजायला सांगा. वाक्य चांगलं असेल तर तुमचे आकडे जवळ येतील. येत नसतील तर दोष मित्राचा नाही, वाक्य दुरुस्त करा. इथे एक सापळा आहे. पुष्कळ ठिकाणी दोघांच्या आकड्यांचं कोरिलेशन (दोन आकडे एकत्र किती वरखाली होतात याचं माप) काढतात, ते ०.९८ आलं की 'जुळलं' म्हणतात. मित्राने प्रत्येक जबडा दोन मिलिमीटर जास्त मोजला, तरी कोरिलेशन पूर्ण १ येईल. ते फक्त एवढंच सांगतं की मोठा जबडा दोघांनाही मोठा दिसला. ब्लंड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ साली यावर लिहिलं, आणि त्यांची रीत साधी आहे: दोघांच्या मापांतले फरक काढा, फरकांची सरासरी बघा, फरक किती पसरलेत ते बघा. फरकांची सरासरी शून्यापासून लांब असेल तर तुमच्यापैकी एकजण सातत्याने दुसरी कड धरतोय.

नमुने किती, या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर नाही. ते दोन गोष्टींवर ठरतं: शेळ्याशेळ्यांत हे अंतर किती बदलतं, आणि तुम्हाला सरासरी किती नेमकी हवी आहे. पहिल्या दहा जबड्यांवरून पहिली गोष्ट कळेल. समजा स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवती आकडे किती पसरलेत त्याचं माप, २ मिलिमीटर आलं. सरासरी १ मिलिमीटरच्या आतबाहेर ठरवायची असेल तर १६ शेळ्या पुरतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेर हवी असेल तर ६२ लागतात. नेमकेपणा दुप्पट, शेळ्या चौपट. नस बधिर करायला अर्ध्या मिलिमीटरची नेमकी सरासरी कशाला हवी? औषध पसरतं. त्यामुळे तुमच्या कामाला ६० शेळ्यांच्या मागे धावण्यापेक्षा ३० शेळ्या नीट ओळख ठेवून घेणं जास्त मोलाचं आहे. आणि ३० शेळ्यांचे डावे-उजवे मिळून ६० नमुने होत नाहीत. एकाच शेळीच्या दोन बाजू एकमेकींसारख्या असतात. दोन्ही बाजू मोजा, डाव्या-उजव्यातला फरक स्वतंत्र सांगा, पण मोजणी शेळ्यांची करा.

नीट ओळख म्हणजे काय, ते विस्ताराने सांगते, कारण खरा घोटाळा इथे होतो. दुकानात मिळणारी मुंडी बहुतेकदा भाजलेली असते आणि सत्तूरने मधोमध फोडलेली असते. भाजल्याने हिरडी आणि ओठ आक्रसतात, ताज्या मुंडीवरचं माप बिघडतं. फोडताना सत्तूर नेमका पुढच्या दातांमधून जातो. म्हणून खाटकाशी आधी बोलून न भाजलेली, न फोडलेली मुंडी मागा, आणि तिचे पूर्ण पैसे द्या. त्यांचा तो माल आहे, फुकट मागितला तर चौथ्या दिवशी उत्तर बदलतं.

वय हा त्याहून मोठा मुद्दा. खाटकाकडे येतात ते बहुतेक कोवळे बोकड. शेळीचे दुधाचे दात मधल्या जोडीपासून पडायला लागतात, साधारण वर्ष ते दीड वर्षाला पहिली जोडी, आणि कोपऱ्याची जोडी सगळ्यात शेवटी, तीन ते चार वर्षांच्या सुमारास. म्हणजे वर्षाच्या बोकडाचा 'कोपऱ्याचा दात' दुधाचा आहे आणि चार वर्षांच्या शेळीचा पक्का. नाव एक, दात वेगळा, खोबणी वेगळी, आणि मधल्या काळात जबडाही लांबलेला. या दोघांची सरासरी काढली तर ती कुठल्याच शेळीची नसते. प्रत्येक मुंडीचे दात बघून आदत (सगळे दुधाचे दात), दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेली (सगळे पक्के दात) अशी नोंद करा आणि किमान आदत आणि पक्के दात आलेल्या जनावरांचे आकडे वेगळे ठेवा. माद्या मिळतात त्या बहुतेक म्हाताऱ्या, दूध आटलेल्या. त्यामुळे तुमच्या तक्त्यात नर-मादी फरक दिसला तर तो वयाचा फरक आहे का, हे आधी तपासा.

आणि जात. काळी शेळी दिसली की उस्मानाबादी, असं धरू नका. बाजारात आलेल्या जनावरांत संकर भरपूर असतात. कापण्याआधी सकाळी तिथे हजर राहा, जिवंत जनावराचा समोरून आणि बाजूने फोटो घ्या, कान, शिंगं, रंग, अंदाजे वजन आणि कुठल्या गावाहून आलं ते लिहा, आणि कानाला बांधलेला नंबरच मुंडीबरोबर पुढे जाईल अशी व्यवस्था करा. हे करायला मुलं कंटाळतात. पण ओळख नसलेल्या जबड्यावरचं उत्तम माप कशाचं माप आहे, हे कुणालाच सांगता येत नाही.

जनावर निवडताना कायदाही लक्षात असू द्या. शेळी-मेंढीचे नमुने मिळतात. गाईबरोबरच वळू आणि बैल यांच्या कत्तलीवरही महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे, त्यामुळे खिलार जातीच्या बैलांच्या कवट्या हव्या असतील तर नैसर्गिक मृत्यूवरच थांबावं लागतं आणि तसा वेळ धरावा लागतो. मात्र अचानक मेलेलं, नाकातोंडातून काळं, न गोठणारं रक्त आलेलं जनावर नमुन्यासाठी कधीही उघडू नका, तो काळपुळीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा प्रकार असू शकतो. शेळ्यांच्या मुंड्या हाताळतानाही हातमोजे घाला, ब्रुसेलोसिस माणसाला होतो. आणि नैतिक समितीची परवानगी लागते का, हे काम सुरू करण्याआधी लेखी विचारून ठेवा.

फोटोवरून मोजण्याबद्दल. चालतं, पण अटींवर. फोटोत स्केल ठेवायचं ते ज्या पातळीवर माप आहे त्याच पातळीवर. टेबलावर स्केल आणि त्याच्या वर तीन सेंटिमीटरवर जबड्याची बाहेरची बाजू असेल तर कॅमेऱ्याला जवळची वस्तू मोठी दिसते आणि तुमचं अंतर वाढून येतं. जबड्याखाली आणि स्केलखाली प्लॅस्टिसिन (मुलांची खेळायची माती) घालून दोन्ही एका उंचीला आणा, मोबाईल स्टँडवर मीटरभर दूर ठेवून झूम करा, आणि इमेजजे या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मोजा. हातात मोबाईल धरून जवळून काढलेला फोटो नको. एक्स-रेलाही हेच लागू आहे. नळी ते फिल्म अंतर १०० सेंटिमीटर आणि हाड फिल्मपासून १० सेंटिमीटर वर असेल तर सावली खऱ्या हाडाच्या १.११ पट पडते. कुत्र्याच्या हृदयाच्या बाबतीत बुकॅनन आणि ब्यूखेलर यांनी १९९५ साली यावर सुंदर तोड काढली. हृदय सेंटिमीटरमध्ये मोजण्याऐवजी त्याच एक्स-रेमधल्या मणक्यांमध्ये मोजायचं. सरासरी ९.७ मणके. हृदय आणि मणके जवळपास सारखेच मोठे दिसतात, त्यामुळे मोठं दिसण्याचा दोष बराचसा निघून जातो, आणि कुत्रा लहान की मोठा हाही प्रश्न उरत नाही.

तुमच्या कामातही मी प्रमाण घ्यायला सांगेन, आणि त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे शिंगाचा कॅन्सर झालेला खिलार बैल आला. शिंग कापायचं होतं. शिंगाची नस बधिर करायला पुस्तकात दिलेलं अंतर होतं, शिंगाच्या बुडापासून अडीच सेंटिमीटर पुढे, कपाळाच्या कडेच्या धारेखाली. मी मोजून सुई घातली, थांबले, आणि करवत लावली. बैलाला सगळं जाणवत होतं. त्याने मान फिरवली, आणि त्याला धरलेला मालक रडायला लागला. मी थांबले, बुडाभोवती पूर्ण कडं करून औषध भरलं, वाट बघितली आणि मग काम पूर्ण केलं. नंतर घरी बसून विचार केला तेव्हा कळलं की माझं माप बरोबर होतं, खूण चुकलेली होती. कॅन्सरने शिंगाचं बूड फुगलं होतं आणि 'बूड' पुढे सरकलं होतं. शिवाय खिलारचं डोकं लांब आणि अरुंद, पुस्तकातलं डोकं वेगळ्या जातीचं. तेव्हापासून मी डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि शिंगाचं निरोगी बाजूचं बूड यांच्यातलं अंतर धरते आणि त्याच्या मध्यावर, धारेखाली सुई घालते. प्रत्येक डोक्यात ते अंतर वेगळं असतं, मध्य मात्र मध्यच राहतो. आणि सुईच्या टोकाने कातडीची जाणीव गेली आहे का हे तपासल्याशिवाय करवत उचलत नाही.

म्हणून तुमच्या तक्त्यात मिलिमीटरांच्या जोडीला एक रकाना असा ठेवा: कोपऱ्याच्या दातापासून छिद्रापर्यंतचं अंतर हे कोपऱ्याच्या दातापासून पहिल्या दाढेपर्यंतच्या मोकळ्या जागेच्या कितवा भाग आहे. ती मोकळी जागा जिवंत शेळीत बोटाने सहज चाचपता येते. हा भाग सगळ्या वयांत जवळपास सारखा निघाला, तर तुमच्या थिसिसमधलं ते सगळ्यात उपयोगी वाक्य ठरेल. सारखा निघाला नाही, तर तेही लिहा.

माप नसेवर चालतं का, हे मात्र नुसत्या हाडावरून कळत नाही. पाच-सहा ताज्या मुंड्या बाजूला ठेवा. तुमच्या मापाने सुई घाला, अर्धा मिलिलिटर मिथिलीन ब्लू हा निळा रंग भरा, मग कातडी सोडवून बघा की रंग नसेपर्यंत पोचला का. पोचला नाही तर किती अंतराने चुकला ते मोजा. हे मी बघितलेल्या थिसिसमध्ये क्वचितच असतं आणि परीक्षक सगळ्यात आधी हेच विचारतात. पुढे जिवंत शेळीवर जाल तेव्हा लिग्नोकेनची, म्हणजे बधिर करण्याच्या औषधाची, एकूण मात्रा वजनावर बांधून घ्या. किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या वर मी जात नाही. १५ किलोच्या करडाला २ टक्क्यांचं औषध पावणेचार मिलिलिटरच्या आतच संपतं, आणि दोन-तीन जागी टोचलं तर ते कधी ओलांडलं हे कळत नाही.

शेवटचं, वहीबद्दल. चुकलेला आकडा खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारा आणि शेजारी नवा लिहा. 'हा जरा जास्तच वाटतो' म्हणून कुठलाही आकडा काढू नका. जबडा पुन्हा काढून मोजा, आणि तो खरंच वेगळा असेल तर त्याला राहू द्या. जुना १८.२ आणि १९.६ वाला जबडा अजून असेल तर त्यालाही फेकू नका. नव्या व्याख्येने तो पुन्हा मोजा, वाळलेला दात खोबणीत दाबून एकदा आणि पुढे ओढून एकदा. दोन आकड्यांत किती फरक पडतो ते मला कळवा. आणि मुंड्या आणायला बुधवारी सकाळी जा. रविवारी दुकानात एवढी गर्दी असते की तुमच्यासाठी ठेवलेली मुंडीसुद्धा सवयीने फोडली जाते.